राखण

धर्मगुरूने भाजीपाल्यावर लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही याची आम्हांला कल्पना आहे. आमच्याकडून अपेक्षा असते ती आत्म्याच्या आरोग्याविषयी लिहिण्याची. वांगी-भेंडीच्या आरोग्याविषयी लिहायला इतर पुष्कळ मंडळी आहेत. परंतु आमच्या विवेकबुद्धीला गेल्या काही वर्षांत जे धडे मिळाले, त्यांतला एक धडा धर्मगुरू-निवासाच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या तळच्या कप्प्यात मिळाला. तो घडला तसाच येथे सांगत आहोत. त्यातून कोणाच्या घरची भाजी दोन दिवस अधिक टिकली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

ऑक्टोबरचा आरंभ होता. नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानणारा आगेऱ्याचा सण नुकताच साजरा झाला होता आणि वेदीपुढे वाहिलेल्या भाताच्या लोंब्यांचा वास अजून मंदिरात दरवळत होता. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी संथ पावलांनी आमच्या निवासाच्या पायऱ्या चढून आल्या. काखेत टोपली आणि टोपलीवर केळीचे हिरवे पान. पान बाजूला सारून त्या म्हणाल्या, ‘‘फादर, वाडीतली भाजी आहे. वांग्यांचा पहिलाच तोडा. तुमच्यासाठी आणली.’’

टोपलीत जांभळी, काटेरी देठांची वांगी होती. कोवळी भेंडी, तीन काकड्या, लाल माठाची एक जुडी आणि वर केळ्यांची एक फणी होती. पहिला तोडा देवाच्या नावाने द्यायचा, ही आपल्या वाडवळांची जुनी रीत. आम्ही मावशींच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि त्या समाधानाने निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हांला वार्षिक तपसाधनेसाठी निघायचे होते. स्वयंपाकीणबाई सुटीवर होत्या. आम्ही स्वच्छतेच्या हौसेने ती सगळी भाजी नळाखाली धुतली, ओलीच एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, पिशवीला घट्ट गाठ मारली आणि ती फ्रिजमध्ये ठेवून दिली. भाजी सुरक्षित झाली, अशी आमची खात्री होती. मग आठ दिवस मौन, मनन आणि प्रार्थना.

नवव्या दिवशी परत येऊन फ्रिज उघडला. पिशवीच्या तळाशी काळपट पाणी साचले होते. माठाची जुडी ओळखू येत नव्हती. काकड्या बुळबुळीत झाल्या होत्या, भेंडीवर काळे डाग पडले होते, वांग्यांच्या तुकतुकीत सालीवर खळगे उमटले होते आणि केळी कोळशासारखी काळी पडली होती. आम्ही नाकाला रुमाल लावून ती पिशवी मागच्या दाराने उकिरड्यावर टाकली. कोणी पाहत नाही ना, म्हणून एकवार मागे वळून पाहिले, हेही सांगायला हवे.

रविवारी मावशी भेटल्या. ‘‘फादर, भाजी बरी होती ना?’’

आणि आम्ही, जे दर शनिवारी पापनिवेदनाच्या कक्षात बसून इतरांची कबुली ऐकतो, उत्तरलो, ‘‘फार चवदार होती, मावशी.’’

मावशींचा सुरकुतलेला चेहरा उजळला. ‘‘मग पुढच्या रविवारी आणखी आणते.’’

आणि त्या आणत राहिल्या. एक रविवार, दोन रविवार, तीन रविवार. चौथ्या रविवारी त्यांच्या शेजारणीने बोलता बोलता सांगितले, की मावशी स्टेशनजवळच्या बाजारात रोज आठ-दहा जुड्या आणि दोन-चार किलो भाजी घेऊन बसतात, आणि हल्ली रविवारी मात्र निम्मा माल फादरांसाठी बाजूला काढून ठेवतात. आम्ही ऐकले आणि आमची मान खाली गेली. एका लहानशा असत्यापायी एका वृद्धेच्या उत्पन्नाला आम्ही कात्री लावली होती.

या गोष्टीची अधिक लाज वाटण्याचे कारण असे, की आम्ही वाडीवरच वाढलो. आमची आई पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन दादरला जात असे. त्या काळी वसईच्या घरोघरी हाच दिनक्रम होता. दुपारच्या उन्हात भाजीला हात लावायचा नाही, असा आईचा दंडक. ऊन उतरले की तोडणी सुरू होई. तोडलेल्या भाजीचा ढीग ती कधी होऊ देत नसे. पडवीतल्या शेणाने सारवलेल्या थंड जमिनीवर भाजी पसरली जाई. पालेभाज्यांच्या जुड्यांची मुळे तेवढी पाण्यात बुडवून पाने कोरडी राखायची, टोपलीत तळाला आणि कडेला केळीची पाने लावायची, वर ओले गोणपाट टाकायचे, कठीण भाजी खाली आणि नाजूक भाजी वर रचायची, केळ्यांची फणी या सगळ्यांपासून दूर आढ्याला टांगायची. किडलेली किंवा चेपलेली एक भेंडी दिसली तरी ती वेगळी काढायची. ‘का’ असे आम्ही विचारले, तर आई म्हणे, ‘‘सोसत नाही तिला.’’ भाजीला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे त्या माउलीला माणसांच्या स्वभावासारखे ठाऊक होते.

पुढे आम्ही गुरुविद्यालयात गेलो. तेथे तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. भाजी मात्र शिजूनच ताटात येई. आईची विद्या तीस-पस्तीस वर्षांत हातातून निसटून गेली आणि तिच्या जागी एक पांढरे कपाट आले. त्या कपाटात ठेवले की काळ थांबतो, अशी आमची अंधश्रद्धा होऊन बसली.

धर्मग्रामातील एका तरुणाने कृषिविद्येचे शिक्षण घेतले आहे. आम्ही त्याला त्या पिशवीची हकिकत सांगितली. मावशींना दिलेले उत्तर तेवढे सांगितले नाही. तो हसला नाही. म्हणाला, ‘‘फादर, तुम्ही आठ दिवस जिवंत जिवांना कोंडून ठेवलेत.’’

मग त्याने समजावले. झाडावरून तोडलेले फळ मेलेले नसते. त्याचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. ते हवेतला प्राणवायू घेते, स्वतःत साठवलेली साखर हळूहळू खर्च करते आणि कर्बवायू, पाणी व उष्णता बाहेर टाकते. झाडावर असताना खर्च भरून निघत होता. आता केवळ शिलकीवर दिवस काढायचे असतात. उष्णता जितकी अधिक, तितका श्वास जलद आणि तितकी शिल्लक लवकर संपते. तपमान दहा अंशांनी वाढले, तर श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. ऊन उतरल्यावर तोडणी करण्यात आणि भाजीचा ढीग न होऊ देण्यात आईचा हेतू हाच होता. ढिगाच्या पोटात भाजी आपल्याच श्वासाने तापते. दुसरा खर्च पाण्याचा. पालेभाज्यांच्या वजनात शेकडा नव्वदच्या आसपास पाणी असते. त्यातले शेकडा पाच-दहा उडून गेले तरी पाने माना टाकतात. म्हणून त्यांना ओलसर हवा हवी. पण पानांवर साचलेले पाणी नको, कारण त्या थेंबात बुरशी आणि कुजविणारे जंतू वाढतात. आम्ही भाजी धुऊन ओलीच गाठोड्यात बांधली, म्हणजे कुजण्याची सगळी सिद्धता आपल्याच हाताने केली होती.

केळी काळी का पडली, याचे उत्तर निराळे होते. केळे हे उष्ण प्रदेशाचे लेकरू. साधारण १३ अंश सेल्सिअसखालची थंडी त्याला बाधते. वांगी, भेंडी, काकडी यांनाही फार थंडी मानवत नाही. घरातला फ्रिज चार-पाच अंशांवर चालतो. त्यात ही मंडळी दोन-तीन दिवस निभावून नेतात, पुढे त्यांच्या अंगावर खळगे आणि डाग उठतात. टोमॅटो पिकण्यापूर्वीच फ्रिजमध्ये ठेवला, तर त्याचा स्वाद जातो. बटाट्याला तेथे ठेवले, तर त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते आणि तो गुळमट लागतो. थोडक्यात, ज्या थंडीने माठ-मेथी टिकते, त्याच थंडीने केळे मरते. सर्वांना एकच नियम लावणारा मठाधिपती आणि सर्वांना एकाच कप्प्यात ठेवणारा गृहस्थ, दोघांच्याही हातून सारखेच नुकसान होते!

आणि मग त्याने तिसरी गोष्ट सांगितली, जी ऐकून आम्हांला एकदम गुरुविद्यालयातला जुन्या कराराचा वर्ग आठवला. पिकणारे फळ एक अदृश्य वायू सोडते. त्याचे नाव इथिलीन. १९०१ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव या तरुण अभ्यासकाने दिव्यांच्या गॅसमधील याच वायूमुळे वाटाण्याची रोपे वेडीवाकडी वाढतात, हे दाखवून दिले. आणि १९३४ साली इंग्लंडमध्ये आर. गेन यांनी पिकलेली फळे स्वतःच हा वायू निर्माण करतात, हे सिद्ध केले. केळे, आंबा, चिकू, पपई, सफरचंद, टोमॅटो ही फळे तो भरपूर सोडतात. त्यांच्या शेजारी पालेभाजी ठेवली तर ती पिवळी पडते, काकडीचा हिरवेपणा जातो. आमच्या पिशवीत केळ्यांनी माठाचा जीव घेतला होता तो असा. फळाला जखम झाली, तर हा वायू अधिकच सुटतो.

आम्हांला आमोस संदेष्टा आठवला. तकोवा गावचा हा मेंढपाळ बेथेलच्या याजकाला आपली ओळख करून देताना सांगतो, की मी कोणी व्यवसायाने संदेष्टा नव्हे. मी गुरे राखणारा आणि उंबरफळांची निगा करणारा माणूस आहे. तेथे वापरलेला हिब्रू शब्द अख्ख्या जुन्या करारात एकदाच येतो आणि प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी त्याचा अर्थ ‘फळे चिरणारा’ असा घेतला. त्या देशातील उंबरफळाला पाते लावून लहानशी चीर दिली, की ते थोड्याच दिवसांत फुगून पिकते. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस यानेही हे नोंदवून ठेवले आहे. आमच्या प्राध्यापकांनी हा तपशील सांगितला तेव्हा तो आम्ही परीक्षेपुरता पाठ केला. त्या चिरेतून फळ इथिलीन सोडते आणि स्वतःला पिकवते, हे आता उमगले. नासका आंबा आढी नासवतो, ही म्हण आम्ही कुसंगतीवरच्या प्रवचनांत अनेकदा वापरली आहे. पण ज्या वाफेने आढी नासते, त्याच वाफेने ती पिकतही असते, हे मात्र आम्ही कधी सांगितले नाही. कच्च्या चिकूंच्या डब्यात एक पिकलेले केळे ठेवावे, चिकू लवकर पिकतात. सगळा प्रश्न कोणाला कोणाशेजारी आणि किती वेळ ठेवायचे, एवढाच असतो.

त्या दिवसापासून आम्ही आणि स्वयंपाकीणबाई या विषयाचे विद्यार्थी झालो. चुकत, शिकत जी घडी बसली, ती थोडक्यात सांगतो.

बाजारातून आणलेली भाजी आधी निवडावी, धुऊ नये. धुवायची ती शिजवण्याच्या वेळी. चेपलेले, चिरलेले, किडलेले ते पहिल्या दिवसाच्या स्वयंपाकाला घ्यावे, कारण त्याला थांबायला वेळ नसतो. पालेभाजीची दोरी सोडावी, पिवळी पाने काढावीत, जुडी कोरड्या सुती फडक्यात किंवा कागदात सैल गुंडाळून फ्रिजच्या तळच्या कप्प्यात ठेवावी. फडके जादा ओल टिपून घेते आणि पानांना सुकूही देत नाही. फडके भिजले तर बदलावे. कोथिंबीर देठांसह पेलाभर पाण्यात फुलांसारखी उभी ठेवली आणि पाणी रोज बदलले, तर तीही चांगली राहते. मिरच्यांचे देठ काढून, पुसून, डब्यात तळाशी कागद घालून ठेवाव्यात. मुळा आणि गाजर यांचा पाला आणल्याबरोबर कापावा. पाला तसाच राहिला तर तो कंदातले पाणी ओढून घेतो आणि मुळा दोन दिवसांत मऊ पडतो. कापलेला पाला टाकू नये, त्याची भाजी होते. लिंबे उघडी ठेवली की साल वाळून दगडासारखी होते. झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवली, तर कित्येक आठवडे रसदार राहतात.

कांदा आणि बटाटा दोघेही फ्रिजबाहेर, अंधाऱ्या व हवेशीर जागी राहतात. पण शेजारी शेजारी नकोत. बटाट्याच्या दमटपणाने कांदा सडू लागतो. बटाट्याला उजेड लागला तर तो हिरवा पडतो, आणि त्या हिरवेपणाबरोबर त्यात विषारी अंश वाढतो. असा भाग खाऊ नये. लाल भोपळा सालीसह असेपर्यंत स्वतःची राखण स्वतःच करतो, कापला की मात्र परावलंबी होतो. आंबा, चिकू, पेरू, पपई आधी बाहेर पिकू द्यावेत. पिकल्यावर दोन-चार दिवस थोपवायचे असतील तरच फ्रिजचा आधार घ्यावा. केळी टांगून ठेवावीत, म्हणजे ती टेकून चेपत नाहीत. वांगी, भेंडी, काकडी दोन-तीन दिवसांत संपवावीत, हेच बरे. आणि फ्रिज ठासून भरू नये; आत वारा फिरला नाही, तर थंडी सर्वांपर्यंत पोहोचत नाही.

ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. गुरुविद्यालयाच्या अभ्यासक्रमाच्या मध्यावर एक वर्ष आम्हांला पठारावरच्या एका दुष्काळी भागातील मिशन केंद्रात काढावे लागले होते. तेथे विजेचा भरवसा नव्हता. केंद्राची स्वयंपाकीण मातीच्या मोठ्या पसरट कुंड्यात वाळू भरून ती भिजवी, त्या वाळूत दुसरे मडके बसवी आणि त्यात भाजी ठेवून वर ओले फडके झाकी. वाळूतले पाणी मडक्याच्या अंगातून उडताना आतली उष्णता घेऊन जाई. मे महिन्याच्या त्या रणरणत्या उन्हातही त्या मडक्यात हात घातला की गारवा जाणवे. आम्हांला ती एका खेडवळ बाईची युक्ती वाटली होती. पुढे वाचनात आले, की नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात याच तत्त्वावर विटांच्या दुहेरी भिंतींमध्ये ओली वाळू भरून विजेवाचून चालणारा शीतकक्ष तयार केला. आणि १९९५ साली उत्तर नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने मडक्यात मडके बसवून त्याचा गावोगाव प्रसार केला. त्या भागात भाजी नासू नये म्हणून मुलींना रोजच्या रोज ती विकायला धाडीत. भाजी टिकू लागली, तशा काही मुली शाळेत जाऊ लागल्या. २००० साली अब्बा यांना या कार्याबद्दल रोलेक्स पुरस्कार मिळाला. कोरड्या हवेच्या प्रदेशांत ही मडकी फार गुणकारी आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाणी सावकाश उडते, म्हणून गारवा कमी मिळतो; पावसाळ्यात तर जवळजवळ नाहीच. प्रत्येक प्रदेशाची युक्तीही त्या प्रदेशाच्या स्वभावाने चालते.

आपल्या किनाऱ्याची युक्ती वेगळी होती. ती उन्हाची होती. वसईच्या सुकेळींची चव ज्याने घेतली आहे, त्याला ती सांगावी लागत नाही. राजेळी केळी पिकली, की सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवायची, रात्री दवापासून जपायची, आणि ती मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. जे फळ चार दिवसांत काळे पडते, ते महिनोन् महिने गोड राहते. मात्र त्यासाठी आधी त्याला आपल्या अंगातले पाणी सोडावे लागते. वाड्या आटत चालल्या, राजेळी दुर्मीळ होत गेली आणि सुकेळी करणारे हातही थोडे उरले, याची खंत येथे नमूद करून पुढे जातो.

टिकवण्याच्या या सगळ्या विद्येने आम्हांला आनंद झाला, हे खरे. पण त्या आनंदात एक धोका होता आणि तो लवकरच ध्यानात आला. भाजी टिकवता येऊ लागली, तशी ती साठवण्याची बुद्धी होऊ लागली. धर्मगुरू-निवासात भक्तांच्या भेटी येतातच. आता कोणतीही भेट नासत नव्हती, म्हणून कोणतीही भेट पुढे जात नव्हती! एकदा तळच्या कप्प्यात नीट फडक्यात गुंडाळलेल्या पाच जुड्या आम्ही समाधानाने मोजल्या आणि त्याच क्षणी निर्गमाच्या पुस्तकातील मान्ना आठवला. अरण्यात इस्राएल लोकांना आकाशातून अन्न मिळे. ज्याने त्याने आपल्या गरजेपुरते गोळा करावे आणि सकाळपर्यंत काही ठेवू नये, अशी आज्ञा होती. काहींनी ठेवले, त्यात किडे पडले आणि त्याची दुर्गंधी सुटली. परंतु शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवलेला तोच मान्ना दुसऱ्या दिवशी नासला नाही. गुरुविद्यालयात आम्ही याकडे केवळ चमत्कार म्हणून पाहिले होते. आता असे वाटते, की ठेवण्याला देवाची ना नाही; कशासाठी ठेवतो, एवढेच तो विचारतो. भीतीपोटी ठेवलेले नासते, विसाव्यासाठी ठेवलेले टिकते.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातला शेकडा साठ वाटा घराघरांतून फेकला गेला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, फेकलेले अन्न म्हणजे जणू गरिबाच्या ताटातून चोरलेले अन्न, अशा आशयाचे विधान केले आहे. ते आम्ही प्रवचनात अनेकदा सांगितले होते. उकिरड्यावर ती पिशवी टाकताना मागे वळून पाहणारे आम्ही चोरासारखेच का वागलो, याचे उत्तर त्या विधानात होते.

मावशींचा हिशेब अजून चुकता व्हायचा होता. एका रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही त्यांना थांबवले. मंदिराच्या मागच्या बाकावर दोघे बसलो. पापनिवेदन ऐकण्याची आम्हांला सवय आहे. करण्याची सवय केवळ गुरुबंधूंपुढे आहे. एका आजीच्या वयाच्या बाईंपुढे तोंड उघडताना घशाला कोरड पडली.

‘‘मावशी, तुमचा तो पहिला तोडा आम्ही खाल्लाच नाही. आमच्या हलगर्जीपणाने तो सडला. आणि आम्ही तुम्हांला खोटे सांगितले.’’

मावशी काही वेळ वेदीकडे पाहत राहिल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, ‘‘मला ठाऊक होतं, फादर.’’

‘‘कसे?’’

‘‘सोमवारी पहाटे तुम्ही बॅग घेऊन गेलात, ते मी फाटकातून पाहिलं. आठ दिवस भाजी कोण खाणार? पण तुम्ही चवदार होती म्हणालात. मला वाटलं, फादरांना आपल्याला बरं वाटावं असं वाटतं. म्हणून पुन्हा आणली. म्हटलं, ही तरी पोटात जाऊ दे.’’

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या असत्याखाली दडलेले एवढेसे प्रेम त्यांनी निवडून घेतले होते आणि नासका भाग टाकून दिला होता. चार दिवसांची पालेभाजी निवडताना त्या जशी चांगली पाने वेगळी काढत असतील, अगदी तशीच.

मग त्यांनी आम्हांला समजावले. ‘‘फादर, भाजी ठेवायची नसते, पुरवायची असते. घरात चार माणसं असली की चौघांना, शेजारी असले की शेजाऱ्यांना. तुम्ही एकटे. तुमच्याकडे आलेली टोपली तुमच्या एकट्याच्या पोटाला पुरवायला निघालात, तर ती सडणारच.’’

या वाक्यावर आम्ही आजवर जितके मनन केले आहे, तितके कोणत्याही भाष्यग्रंथावर केलेले नाही. पाच हजारांच्या भोजनानंतर प्रभू येशूने उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करावयास सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या, असे संत योहान सांगतो. त्या बारा टोपल्यांचे पुढे काय झाले, हे शुभवर्तमानात नाही. मावशींना विचारले असते, तर त्यांनी क्षणात सांगितले असते.

आता आमच्या मंदिराच्या पडवीत दर रविवारी एक साधे लाकडी मेज मांडलेले असते. ज्याच्या वाडीत, कुंडीत किंवा फ्रिजमध्ये गरजेहून अधिक भाजी-फळे असतील, त्याने ती तेथे आणून ठेवावी. ज्याला हवी त्याने घ्यावी. कोणी आणले आणि कोणी नेले, हे पाहायला तेथे कोणी बसत नाही. आरंभी लोक नुसते ठेवीत, घेण्याचा संकोच करीत. म्हणून पहिल्या काही रविवारी आम्हीच सर्वांदेखत एक-दोन वांगी उचलली. हळूहळू इमारतींत राहणारी कुटुंबे, भाड्याच्या खोल्यांत राहणारे तरुण, रात्रपाळीच्या परिचारिका असे सर्वजण थांबू लागले. दुपारपर्यंत मेज रिकामे होते. आमच्या फ्रिजचा तळचा कप्पाही शनिवारी संध्याकाळी बहुधा रिकामाच असतो, आणि तो रिकामा पाहून आम्हांला जी स्वस्थता लाभते, ती त्या पाच जुड्या मोजताना लाभली नव्हती.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव मानवाला बागेत ठेवतो, ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. ‘राखण’ हा शब्द आपल्या वाडवळांच्या रोजच्या बोलण्यातला. राखणदार पाखरे हाकलतो, पण पीक काही तो स्वतःच्या घरात कोंडून ठेवत नाही. कापणीपर्यंत जपतो आणि कापणीच्या दिवशी बाजूला होतो. प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणे जपावे आणि तिची वेळ आली की हातातून सोडून द्यावी, एवढीच राखण आपल्याकडे सोपवलेली आहे. सोपवलेल्या माणसांचीही रीत याहून निराळी नसावी.

मावशी अजूनही येतात. पण टोपली आता थेट मेजावर जाते आणि बाजारचा माल बाजारात जातो. देण्याचीच सवय असलेल्या त्या बाईंनी त्या मेजावरून कधी काही उचलल्याचे आम्ही पाहिले नव्हते. गेल्या रविवारी मात्र त्या थांबल्या, कोणाच्या तरी अंगणातले चार पिवळे पेरू त्यांनी एकेक करून हुंगले आणि पदरात घेतले. आमच्याकडे पाहून मिस्कीलपणे म्हणाल्या, ‘‘फादर, हे फ्रिजात ठेवू की बाहेर?’’

‘‘कुठेच नको, मावशी,’’ आम्ही म्हणालो. ‘‘पिकलेत. आजच खा.’’